टोपीबंदीचे परिपत्रक मागे घ्यावे: एका शाळेच्या व्यवस्थापन मंडळास खुले पत्र

माननीय अध्यक्ष महोदय आणि मंडळाचे सर्व सदस्य,

सविनय नमस्कार.

फेब्रुवारीच्या अखेरीस आपल्या शाळेने काढलेले परिपत्रक माझ्या नातीच्या डायरीतून आमच्या घरी आले. शालेय आवारात, मैदानावर आणि सुटीनंतर फाटकाशी व्हॅनची वाट पाहतानाही विद्यार्थ्यांनी टोपी, कॅप किंवा डोके झाकणारी तत्सम कोणतीही वस्तू वापरू नये, असा त्याचा आशय आहे. त्यासाठी चार कारणे दिली आहेत. टोपी आपल्या संस्कृतीतली नाही, तिच्यामुळे बेशिस्त वाढते, तिच्या आडून राजकीय प्रचार होतो आणि परीक्षेत कॉपीला वाव मिळतो. मार्चमध्ये मी कार्यालयात याविषयी लेखी निवेदन दिले. त्यावर आवकचा शिक्का मिळाला. उत्तर मिळाले नाही. तोंडी विचारणा केली तेव्हा हा शिस्तीचा विषय आहे, पालकांनी त्यात पडू नये, असे सांगण्यात आले. एप्रिल लागला, पारा चाळिशी ओलांडून गेला आणि शहरातल्या आणखी काही शाळांच्या मनात असाच नियम घोळत असल्याचे कानावर आले, म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहीत आहे. शाळेचे नाव मी मुद्दाम घातलेले नाही. मला कोणाची बदनामी करायची नाही. नियम बदलून हवा आहे.

आधी माझा स्वार्थ सांगून टाकतो, म्हणजे तो दुसऱ्या कोणाला उकरून काढावा लागणार नाही. मी टोप्या शिवणारा माणूस आहे. नागपूरच्या इतवारीत आजोबांनी सुरू केलेले आमचे छोटेसे दुकान आहे. १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलच्या कापडाचे तागे खांद्यावर टाकून ते आणत आणि बैठकीच्या जागेवरच कापून शिवायला बसत. ती गिरणी बंद पडली. आमचे मशीन कसेबसे चालू आहे. पूर्वी शाळांच्या टोप्यांचे काम आमच्यासारख्यांना मिळे, आता गणवेशाचा ठेकेदार बुटापासून टायपर्यंत सगळे एकत्र पुरवतो. तेव्हा आपल्या नियमाने माझ्या गल्ल्यावर फारसा फरक पडत नाही. तरीही कोणाच्या मनात किंतु राहू नये म्हणून येथे लिहून देतो की, नियम बदलला तरी आपल्या शाळेने माझ्या दुकानातून एकही टोपी घेऊ नये. मी ती देणार नाही. नातीच्या आजोबाला जे सांगायचे आहे ते टोपीवाल्याला ठाऊक असलेल्या गोष्टींच्या आधारे सांगत आहे, एवढेच.

नियम कसा राबवला जातो हे मंडळाच्या सदस्यांनी स्वतः पाहिले आहे की नाही, मला ठाऊक नाही. फाटकाच्या आत भिंतीला लागून पुठ्ठ्याचे एक मोठे खोके ठेवलेले असते. मूल टोपी घालून आले की चौकीदार ती काढून खोक्यात टाकतो आणि शनिवारी पालकाने येऊन ती घेऊन जायची असते. नातीची टोपी आणायला मी गेलो तेव्हा ते खोके उपसून पाहिले. टोप्या एकीत एक कोंबलेल्या होत्या. घामाने ओल्या असतानाच आत गेल्यामुळे कित्येकींच्या घामपट्टीवर मिठाचा पांढरा थर धरला होता आणि आतून कुबट वास येत होता. कोणत्याही टोपीवर नावाची चिठ्ठी नव्हती. माझ्यासमोर एका आईने दोन टोप्या डोळ्यांजवळ नेऊन पाहिल्या आणि त्यातली बरी दिसली ती उचलली. एका डोक्याची टोपी दुसऱ्या डोक्यावर गेली की उवा आणि डोक्यातला नायटा घरोघर पोहोचू शकतो, हे मास्तरांना मी सांगावे असे नाही. नातीच्या टोपीच्या पुढच्या पट्ट्यातला पुठ्ठा मधोमध मोडलेला होता; तो पुन्हा सरळ होत नाही, पट्टा उसवून नवा घालावा लागतो.

त्याच आठवड्यात दुपारी व्हॅनची वाट पाहताना तिचा घोळणा फुटला. टोपी असती तर तो फुटलाच नसता, असा दावा मी करणार नाही. आपल्याकडची कोरडी हवाही त्याला पुरेशी असते. पण नाकाला रुमाल लावून, उघड्या डोक्याने, भर उन्हात ती सिमेंटच्या ओट्यावर बसली होती आणि दप्तरातला दुपट्टा डोक्यावर घ्यायला भीत होती, कारण 'तत्सम कोणतीही वस्तू' म्हणजे काय याचा अर्थ तिने आपल्या वयाप्रमाणे लावला होता.

या 'तत्सम'वर माझी सर्वांत मोठी हरकत आहे, म्हणून येथे थोडा वेळ घेतो. डोक्यावरच्या वस्तूंचे आमच्या धंद्यात सरळ प्रकार आहेत आणि ते त्या वस्तू कशा बनतात यावरून पडतात. काही वस्तू बांधायच्या असतात: फेटा, पागोटे, रुमाल, शीख मुलाचा पटका. लांब किंवा चौकोनी कापड असते, डोक्यावर आले की त्याला आकार येतो आणि सोडले की पुन्हा कापडच उरते. काही वस्तू ओढून घ्यायच्या असतात: पदर, ओढणी, दुपट्टा, गमछा. काही टणक असतात आणि मार चुकवण्यासाठी असतात: जुने शिरस्त्राण, आजचे हेल्मेट. टोपी या तिघींहून वेगळी आहे. ती कापून शिवलेली, विणलेली किंवा नमद्यासारखी (नमदा म्हणजे लोकर दाबून केलेले जाड कापड) दाबून साच्यावर बसवलेली असते. तिला डोक्याच्या मापाचा घेर असतो, वर माथा असतो, आणि डोक्यावरून काढून खुंटीला लावली तरी ती टोपीच राहते. पगडीचे प्रकरण बांधायची वस्तू आणि टोपी यांच्या सीमेवरचे आहे, कारण ती मुळात बांधण्याची वस्तू. पुढे कारागिराने कायमची बसवून शिवून दिली, म्हणून टोपीसारखी चढवता येऊ लागली. २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली पुणेरी पगडी याच जातीची.

टोपीच्या आतही एक महत्त्वाचा भेद आहे आणि आपल्या परिपत्रकाने तो धुऊन टाकला आहे. जिला काठ नाही, किंवा फक्त कपाळावर पुढे आलेला एक पट्टा आहे, तिला बाजारात सगळे कॅप म्हणतात. जिला सभोवार काठ आहे ती हॅट. गांधी टोपी, काळी गोल टोपी, नमाजाची जाळीदार टोपी, कानटोपी, शिपायाची टोपी, क्रिकेटची कॅप या सगळ्या पहिल्या गटातल्या. उन्हातल्या माणसाला कॅप चेहऱ्यापुरती सावली देते, हॅट कानांना आणि मानेलाही देते. ऑस्ट्रेलियातल्या अनेक शाळांत टोपी नसलेल्या मुलाला उन्हात खेळायला सोडत नाहीत, आणि तेथील कर्करोगविषयक संस्था पुढे पट्टा असलेल्या कॅपऐवजी रुंद काठाची टोपी घालण्याचा आग्रह धरतात, त्याचे कारण हेच. म्हणजे जगात एका ठिकाणी शाळा कोणती टोपी बरी याचा काथ्याकूट करतात आणि आपण सगळ्यांनाच एका खोक्यात टाकतो.

आता या व्याख्येचा परिणाम पाहावा. परिपत्रक जसे लिहिले आहे तसे वाचले तर लू चुकवण्यासाठी मुलींनी बांधलेला दुपट्टा बंद झाला. शीख मुलाचा पटका बंद झाला. जुलैत रेनकोटला जोडलेली टोपी बंद झाली. वडिलांच्या गाडीवर मागे बसून आलेल्या मुलाचे हेल्मेटही फाटकाच्या आत बंद झाले. अर्थात तसे होत नाही, पटक्याला आणि हेल्मेटला तोंडी सूट दिली आहे, असे मला कार्यालयात सांगण्यात आले. पण जी सूट कागदावर नाही ती चौकीदाराच्या मर्जीवर असते, आणि आठ-दहा वर्षांच्या मुलाने रोज सकाळी त्या मर्जीतून पार पडावे ही अपेक्षा बरी नव्हे. नियम करायचा तर तो चौकीदारालाही एका वाचनात कळेल असा लिहावा लागतो.

टोपी आपल्या संस्कृतीत नाही, हे वाक्य वाचून मात्र मी खरोखरच चकित झालो. मराठी घरात बारशाला बाळाच्या अंगावर पहिले जे चढते ते अंगडे आणि टोपडे. आत्या किंवा आजी जी कुंची शिवते तीही टोपीच. मागून पाठीवर उतरलेले कापड, पुढे बांधायला बंद आणि कडेला गोट. नागपूरच्या थंडीत पहाटे फिरायला निघालेल्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या डोक्यावर कानटोपी असते. वारकऱ्याची टोपी आहे, मुंबईच्या डबेवाल्याची टोपी आहे, खेड्यात पंगतीला आणि मयतीला जाताना खुंटीवरून काढली जाणारी टोपी आहे. परिपत्रकाच्या लेखकाच्या मनात कदाचित असे असावे की जुन्या मराठी कागदपत्रांत युरोपीय व्यापाऱ्यांना टोपीकर म्हटले आहे, म्हणजे टोपी त्यांची आणि पागोटे आपले. त्यात थोडे तथ्य आहे. त्या काळी प्रतिष्ठित माणूस पागोट्याशिवाय बाहेर पडत नसे आणि काठाची हॅट घातलेला गोरा लांबूनच ओळखू येई. परंतु शिवलेली टोपी कोणा एका देशाने शोधून काढली आणि इतरांनी ती उसनी घेतली, असे काही झालेले नाही. आल्प्स पर्वतात १९९१ साली बर्फात सापडलेल्या, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या माणसाजवळ अस्वलाच्या कातड्याची टोपी होती, आणि तिला हनुवटीखाली बांधायला चामड्याचे बंदही होते. थंडी, ऊन आणि धूळ जेथे आहे तेथे माणसाने हाती लागेल त्या वस्तूची टोपी केली, मग ते कातडे असो, लोकर असो, गवत असो की आपल्या वऱ्हाडचा कापूस असो.

संस्कृतीचाच आधार घ्यायचा तर तो आपल्या नियमाच्या नेमका उलट बाजूने पडतो. आपल्याकडे बोडक्या डोक्याने वडीलधाऱ्यांसमोर, देवळात किंवा कचेरीत जाणे हा पिढ्यानपिढ्या उद्धटपणा समजला जाई. पायातले काढायचे आणि डोके झाकायचे ही आपली रीत होती. युरोपात पुरुषाने छपराखाली आले की हॅट काढायची आणि बूट घालूनच बसायचे. माझे वडील सांगत की त्यांच्या शाळेत टोपी विसरून आलेल्या मुलाला छडी मिळे. आज टोपी घालून आलेल्या मुलाच्या डायरीत शेरा मिळतो. दोन्ही शिक्षा शिस्तीच्याच नावाने. वर्गात टोपी काढून ठेवावी, असे शाळेला वाटत असेल तर माझी त्याला मुळीच हरकत नाही, छपराखाली ऊन लागत नाही. फक्त त्या रीतीला भारतीय म्हणू नये, ती इंग्रजी शाळेतून आलेली आहे.

डोक्यावर काय असावे हे वरून ठरवण्याचे प्रयत्न पूर्वीही पुष्कळ झाले आहेत आणि त्यांचे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. इंग्लंडच्या पार्लमेंटने १५७१ साली कायदा केला की, सहा वर्षांवरील प्रजाजनांनी रविवारी आणि सणाच्या दिवशी इंग्लंडातच बनलेली लोकरीची टोपी घातली पाहिजे, नाही तर दंड भरावा. सरदार-उमरावांना त्यातून सूट होती. हेतू देशी लोकर खपवण्याचा होता. लोकांनी तो कायदा फारसा मनावर घेतला नाही आणि १५९७ मध्ये तो रद्द करावा लागला. तुर्कस्तानात १८२९ साली सुलतान दुसरा महमूद याने सरकारी नोकरांची पागोटी उतरवून त्यांना गोंडा असलेली लाल फेझ घालायला लावली, जिला आपल्याकडे तुर्की टोपी म्हणत. पाश्चात्त्य लष्करी पेहराव घेताना काठ मात्र टाळला गेला, कारण नमाजात कपाळ जमिनीला टेकवताना तो आड येतो. शंभर वर्षेही झाली नाहीत तोच १९२५ मध्ये मुस्तफा केमाल यांच्या राजवटीने ती फेझ मागासलेपणाची खूण ठरवून कायद्याने बंद केली आणि काठाची हॅट आणली. एकाच देशात एकच टोपी आधी सुधारणेसाठी सक्तीची झाली आणि मग सुधारणेसाठीच गुन्हा ठरली.

इतके लांब जाण्याचीही गरज नाही. डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसचे अधिवेशन आपल्या नागपुरात भरले आणि असहकाराचा ठराव येथे पक्का झाला. त्याच सुमारास खादीची पांढरी टोपी गावोगाव पसरू लागली. गांधीजींनी वेगवेगळ्या प्रांतांतल्या टोप्या पाहिल्या, काश्मिरी टोपीचा घाट त्यांना पसंत पडला आणि रंग पांढरा ठेवला तो मळ व घाम लगेच दिसून टोपी रोज धुतली जावी म्हणून, अशी आठवण त्यांचे सहकारी काका कालेलकर यांनी नोंदवून ठेवली आहे. टोपी शिवणारा म्हणून मला या विचाराचे फार कौतुक वाटते. कापड थोडे लागते, घडी पडते, खिशात मावते, धुता येते आणि घरच्या घरी शिवता येते. ब्रिटिश सरकारने ठिकठिकाणी कचेऱ्यांत आणि न्यायालयांत तिला मज्जाव केला, नोकरांना ताकीद दिली, आणि त्या मनाईनेच साध्या खादीच्या तुकड्याला निशाणाचे मोल आले. गंमत अशी की, स्वतः गांधीजींनी १९२१ मध्ये मदुराईला पंचा नेसायचे ठरवल्यावर टोपीही सोडली. त्यांच्या नावाची टोपी मात्र देशभर राहिली.

राजकीय प्रचाराचा मुद्दा म्हणूनच मी उडवून लावत नाही. टोपीला अर्थ चिकटतो, आणि फार पूर्वीपासून चिकटत आला आहे. रोममध्ये गुलाम मुक्त झाला की त्याला पिलियस नावाची नमद्याची टोपी मिळे. सीझरच्या वधानंतर ब्रूटसने पाडलेल्या नाण्यावर दोन खंजिरांच्या मधे तीच टोपी कोरलेली आहे. फ्रेंच राज्यक्रांतीत लाल टोपी ही स्वातंत्र्याची खूण झाली. आपल्या नागपूरकरांना तर हे समजावून सांगायला नको. पांढरी टोपी, काळी टोपी, दीक्षाभूमीवर विजयादशमीच्या सुमारास दिसणाऱ्या निळ्या टोप्या, निवडणुकीत वाटल्या जाणाऱ्या भगव्या आणि हिरव्या टोप्या, यांतली कोणती कोणाची हे येथे शेंबडे पोरही सांगते. अण्णा हजारे यांच्या २०११ च्या आंदोलनात 'मी अण्णा' लिहिलेल्या टोप्या आमच्याच गल्लीत रात्र रात्र शिवल्या गेल्या. शाळेच्या फाटकातून घोषणा, चिन्ह किंवा पक्षाचे नाव लिहिलेली टोपी आत येऊ नये, हे आपले म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. त्यासाठी टोपीवर काय छापलेले नसावे हे सांगणारे एक वाक्य पुरेसे होते. शर्टावर घोषणा छापलेली असते म्हणून शर्ट बंद केला जात नाही.

कॉपीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. परीक्षेच्या खोलीत टोपी काढून बाकाखाली ठेवायला सांगावे, प्रश्न संपला.

बेशिस्तीबद्दल परिपत्रकात उलट्या घातलेल्या कॅपचा खास उल्लेख आहे. ही कॅप अमेरिकेतल्या बेसबॉलमधून आली. १८६० च्या आसपास ब्रुकलिनच्या एक्सेलसिअर्स या संघाने गोल माथ्याची, पुढे पट्टा असलेली कॅप घातली आणि आज जगभर दिसणारा घाट हळूहळू तिच्यातून घडला. चेंडूफेक्याच्या समोर बसणारा खेळाडू तोंडावर जाळीचा मुखवटा बांधतो, पट्टा त्याच्या आड येतो, म्हणून तो कॅप उलटी फिरवतो. मिरवण्यासाठी उलटी घालण्याची चाल पुढची. मुलांनी सरळ घालावी असे सांगण्यात शाळेला काही अडचण असू नये, आणि ते सांगणे हे खरे शिस्तीचे काम आहे. उलटी घातलेली कॅप तर उन्हात निम्मी निरुपयोगी होते, हेही मुलांना त्याच वेळी सांगता येईल.

आता ऊन. मे २०१३ मध्ये या शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, हे पुष्कळांना आठवत असेल. उरलेल्या महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात तेव्हा विदर्भातल्या शाळा त्यानंतरही काही दिवस बंद ठेवाव्या लागतात, त्या याच उन्हामुळे. मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा सुटते ती सूर्य डोक्यावर येण्याच्या वेळेला, आणि व्हॅन येईपर्यंत मुले फाटकाशी उभी असतात. भारतातले ऊन ज्यांच्या अंगवळणी नव्हते त्या इंग्रजांनी दलदलीत वाढणाऱ्या शोला नावाच्या वनस्पतीच्या हलक्या भेंडापासून जाड, पोकळ टोपी बनवून घेतली आणि ती घातल्याशिवाय ते दुपारी घराबाहेर पडत नसत. त्यांच्या सोला टोपीत एक गोष्ट शिकण्यासारखी होती: डोके आणि टोपी यांच्या मधे हवा खेळायला जागा सोडलेली असे.

उन्हाळ्याची चांगली टोपी कशी होते हे थोडक्यात सांगतो, कारण मंडळाने उद्या नियम सुधारायचे ठरवले तर त्याचा उपयोग होईल. कापड पांढरे किंवा फिक्या रंगाचे, धुवून आटवलेले सुती. पॉलिस्टरच्या आतून फोम लावलेल्या टोप्या स्वस्त मिळतात, पण त्यांत घाम जिरत नाही आणि डोके उकडते. माथा सहा कळ्यांचा, म्हणजे सहा तिकोनी तुकडे जोडलेला, प्रत्येक कळीत काज्याच्या टाक्याने पक्के केलेले एक भोक, आत दीड बोट रुंद सुती घामपट्टी, आणि सभोवार किमान चार बोटे काठ. काठाच्या खालच्या बाजूला गडद हिरवे कापड लावावे. जमिनीवरून आणि सिमेंटवरून उसळणारा उजेड डोळ्यांत कमी जातो. दहा वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर साधारण ५२ सेंटिमीटर भरतो, तरी टोपी थोडी सैल शिवून मागे नाडी द्यावी, कारण आवळून बसलेली टोपी हवा कोंडते. असे कापड माझ्याच दुकानात मिळते असे नाही. कोणताही शिंपी हे करू शकतो, आणि घरी मशीन असलेली कोणतीही आई जुन्या चादरीतूनही करू शकते.

माझ्या मागण्या थोड्या आणि साध्या आहेत. सध्याचे परिपत्रक मागे घ्यावे, आणि नवे निघेपर्यंत खोके आजच फाटकावरून उचलावे. त्यात अडकलेल्या टोप्या मुलांना परत द्याव्यात. पुढे नियम करायचाच असेल तर तो 'तत्सम' न लिहिता करावा: मैदानावर, प्रार्थनेच्या वेळी उन्हात उभे राहताना आणि फाटकाशी वाट पाहताना घोषणा किंवा चिन्ह नसलेली टोपी, हॅट अथवा दुपट्टा वापरण्यास मुभा असावी, वर्गात आणि परीक्षेत टोपी काढून ठेवावी. पटका, हिजाब, नमाजाची टोपी, आजारपणात बांधलेली पट्टी आणि पावसाळी टोपी यांबाबत काय चालेल आणि काय चालणार नाही ते लेखी असावे, म्हणजे मुलाशी हुज्जत घालण्याची वेळ चौकीदारावर येणार नाही. शाळेची स्वतःची टोपी ठेवायचे ठरल्यास कापड आणि माप जाहीर करावे, मात्र ती अमुक एका दुकानातूनच घ्यावी अशी सक्ती करू नये. आणि यापुढे मुलांच्या अंगावरील वस्तूंबद्दल नियम करण्यापूर्वी तो विषय पालकसभेपुढे ठेवावा.

परिपत्रकामागे मंडळाचा हेतू वाईट होता असे मला वाटत नाही. निवडणुकीच्या दिवसांत काही मोठी मुले पक्षांच्या टोप्या घालून आली आणि त्यातून मारामारी झाली, हे मलाही ठाऊक आहे. दोन-चार मोठ्या मुलांच्या भांडणाची भरपाई पहिली-दुसरीतल्या लेकरांनी उन्हात उभे राहून करू नये, इतकेच माझे म्हणणे.

वार्षिक परीक्षा संपून उन्हाळी सुटी लागण्यापूर्वी या पत्राचे लेखी उत्तर मिळावे, ही विनंती. उत्तर माझ्या विरोधात असले तरी चालेल, पण त्यात कारणे असावीत. ते आल्यावर मी हे पत्र जेथे प्रसिद्ध केले आहे तेथेच ते शब्दशः प्रसिद्ध करीन. मंडळाने बोलावल्यास कापडाचे आणि टोप्यांचे नमुने घेऊन कोणत्याही दिवशी सभेला येण्याची माझी तयारी आहे. सकाळी दहाच्या आत बोलावले तर दुकान उघडण्यापूर्वी येऊन जाईन.

आपला नम्र,
एक पालक आणि टोप्या शिवणारा,
इतवारी, नागपूर